टेकू कुठे टेकतो

मोटार घेताना घरातली माणसं सगळं बघतात. स्क्रीन किती इंचांची, मायलेज किती, नंबरप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज शुभ येते का. डिकीही उघडली जाते, पण ती किती लिटरची एवढं ऐकून बंद होते. कार्पेट उचलून खालची फळी कशाची आहे आणि ती कशावर टेकली आहे, हे विचारणारं गिऱ्हाईक शोरूममध्ये सहसा भेटत नाही. दोन पावसाळे गेले की तीच फळी मधोमध झोल खाते, गव्हाचं पोतं ठेवलं की एका अंगाला कलते आणि प्रत्येक गतिरोधकावर कटकट वाजून मागे बसलेल्या आजीची झोप मोडते. मग मालक मेकॅनिककडे जातो. मेकॅनिक शॉकॲब्सॉर्बर बदलायला सांगतो.

लहान गाड्यांत ही फळी बहुधा दाबून घट्ट केलेल्या लाकडी तंतूंची असते. हल्ली काही गाड्यांत आतून षटकोनी कप्प्यांचा पोकळ पुठ्ठा किंवा प्लास्टिकही असतं. फळीच्या कडा पत्र्याच्या बोटभर कंगोऱ्यावर विसावतात. मधला भाग स्टेपनीच्या गोल खळग्यावर येतो, आणि पुष्कळ गाड्यांत तिथे खरा आधार मिळतो तो स्टेपनीचाच. टायरच्या अंगावर आपलं सामान टेकलेलं आहे हे मालकाच्या गावीही नसतं. स्टेपनी जागची हलली की ते कळतं. सीएनजीचं सिलिंडर बसवताना ती हलवली जाते, तिच्या जागी अरुंद टायरची बारकी स्टेपनी येते किंवा नव्या गाडीत ती मुळातच नसते. खळगा रिकामा राहतो, फळी अधांतरी राहते आणि तिला टेकू द्यावा लागतो. हा टेकू लाकडाचा, घरी आणि घरातल्याच हत्यारांनी कसा करायचा, हा या पुस्तकाचा विषय.

असल्या विषयाला अख्खं पुस्तक कशाला, असं हस्तलिखित हाती आलं तेव्हा मलाही वाटलं होतं. वाचून संपवल्यावर वाटलं की या लहान कामात सुतारकीतला एक मोठा प्रश्न उघडा पडतो. वरून येणारा भार कुठून, कशातून आणि शेवटी कशावर उतरवायचा? घराच्या तुळईला हाच प्रश्न असतो, पण घर जागचं हलत नाही. डिकीतला टेकू ताशी 80 किलोमीटरने धावतो, वळणावर कलतो, खड्ड्यात आदळतो, मे महिन्यात भाजतो आणि जुलैत ओलावा पितो. शिवाय तो ज्याच्यावर उभा राहतो तो पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो.

गाडी आणि लाकूड यांचं नातं आपल्याकडे बैलगाडीपासूनचं. साटा, जू, तुंबा, आरे या शब्दांबरोबर गावाचा सुतार आलाच. मोटार आली ती याच परंपरेला पुढे घेऊन. सुरुवातीच्या मोटारींची अंगं घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांनीच बांधली: लाकडाचा सांगाडा आणि वर ठोकलेला पत्रा. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली, तिची बॉडीही लाकडी होती. इंग्लंडमधली मॉर्गन कंपनी तर आजही गाडीच्या अंगात ॲश झाडाच्या लाकडाची चौकट बसवते. हे लाकूड चिवट असतं, हादरे सोसतं आणि वाफेवर वाकतं. अमेरिकेत फोर्डने मिशिगनमधल्या आयर्न माउंटन इथे स्वतःच्या जंगलांजवळ लाकूडकापणीचा कारखाना उभारला. स्टेशन वॅगनची लाकडी अंगं तिथे तयार होत आणि उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून त्याच्या विटा विकल्या जात. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर ही 1953 मध्ये आलेली ब्रिटिश गाडी याहून गमतीची. तिच्या मागच्या भागातली लाकडी चौकट शोभेची नव्हती, गाडीचा भार पेलणारी होती. त्यामुळे तिथल्या वार्षिक तपासणीत गंजलेल्या पत्र्याइतकंच कुजलेलं लाकूडही गाडीला नापास करू शकत असे.

पुढे दाबून केलेल्या पोलादी अंगांनी लाकडाला हुसकावलं. ती स्वस्त पडत, भराभर निघत, आणि कारखान्यात सुतार बसवायची गरज उरत नसे. लाकूड उरलं ते न दिसणाऱ्या जागी, आणि तेही ओळखू न येणाऱ्या रूपात. विल्यम मेसन या अमेरिकनाने 1924 मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल गावी लाकडाच्या चिपा वाफेच्या दाबाने फोडून, त्यांचे तंतू पुन्हा दाबून हार्डबोर्ड बनवला. आपल्या डिकीतली झोल खाणारी फळी याच कुळातली. कोरडी असताना ती काम देते. पाणी प्यायली की फुगते, आणि फुगून सुकली की पहिला ताठपणा परत येत नाही. कंपनीने ती मुद्दाम वाईट बनवली असं मात्र म्हणता येणार नाही. स्टेपनी झाकायला आणि चार बॅगा ठेवायला ती पुरेशी होती. ती कमी पडते ती आपण गाडीवर टाकलेल्या कामांमुळे.

लाकडाच्या माघारीच्या या काळातही दोन धागे तुटले नाहीत, आणि या पुस्तकातलं बहुतेक काम त्यांनाच जोडलेलं आहे. पहिला धागा प्लायवूडचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान पातळ लाकडी थर चिकटवून बनलं होतं. ते बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीत काम केलेल्या फ्रँक कॉस्टिनने 1959 मध्ये जेम मार्शबरोबर मार्कोस नावाची स्पोर्ट्स गाडी काढली, आणि तिची चॅसीच प्लायवूडची केली. पातळ प्लाय सपाट असेल तर लवतो. त्याच प्लायच्या पट्ट्या उभ्या धारेवर धरून, एकमेकींत अडकवून, वर-खाली पातळ कातडं चढवलं की तो वजनाच्या मानाने कमालीचा ताठ होतो. दुसरा धागा सुट्या फर्निचरचा. जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने 1951 च्या सुमारास फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी एक लाकडी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. आठवडाभर व्हॅन धंद्याच्या कामाला, सुट्टीला हा खोका आत, आणि सुट्टी संपली की तो बाहेर. गाडीला भोक नाही, कापाकापी नाही. पुढे ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथल्या लांब कच्च्या रस्त्यांवरच्या गाड्यांत जे सरकते खण आले आणि जपानमध्ये गाडीतच झोपून प्रवास करणाऱ्यांच्या लाकडी खाटा आल्या, ती सगळी याच खोक्याची भावंडं.

घरगुती टेकू करणाऱ्यांत आज मला ढोबळमानाने तीन घराणी दिसतात. नावं माझीच आहेत. लेखकांनी ती पुस्तकात घेतली नाहीत यात त्यांचा शहाणपणा.

पहिले भराववाले. खळग्याच्या आकाराचे ठोकळे, थर्माकोल, फोम किंवा गोल कापलेले प्लायचे थर एकावर एक रचून ते पोकळी भरून टाकतात. काम तासाभराचं, आवाज नाही, खर्च थोडा. कोरड्या गावात हे चालतंही. पण खळग्याच्या तळाशी पाणी जायला रबरी बूच असतं, ते झाकलं जातं, आणि पत्र्याला चिकटून बसलेलं ओलं लाकूड पत्रा आतून खातं. कोकणात हा प्रकार करू नये, एवढंच मी म्हणेन.

दुसरे चौकटवाले. दोन आडव्या पट्ट्या, दोन उभ्या, जिथे त्या भेटतात तिथे खाली पाय, वर फळी. दिसायला ही चौकट खाटेसारखी सोपी आहे आणि निम्मी माणसं तिथेच फसतात, कारण पाय कुठे ठेवायचे हे चौकट सांगत नाही, गाडी सांगते. डिकीच्या तळातला सपाट पत्रा फक्त झाकण असतो. ताकद असते ती त्याला पाडलेल्या घड्यांत, दोन्ही बाजूंनी मागे जाणाऱ्या पोलादी नळ्यांत, आसनाच्या मागच्या आडव्या दांड्यात. पाय तिथे उतरला पाहिजे. जिथे ते जमत नाही तिथे त्याच्या तळाला हातभर रुंद नको, पण तळहाताएवढं पाऊल हवं आणि त्याखाली रबर. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा 30 किलोचं पोतं क्षणभर दुप्पट-तिप्पट भाराने दाबतं. दीड इंचाचा उघडा पाय त्या क्षणी पत्र्यात खळी पाडतो.

तिसरे खोकेवाले. मार्कोसचा धडा यांनी घेतलेला आहे. 9 मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्यांना अर्ध्या उंचीपर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत बसवायच्या, कप्पे तयार करायचे आणि वर 6 मिलिमीटरचं झाकण. कप्प्यांत जॅक, पाना, हवेचा पंप, टॉर्च. हलकं, ताठ आणि नीटनेटकं काम, पण खाच अर्धा मिलिमीटर सैल झाली की सगळं खुळखुळतं. या घराण्यातल्या उत्साही मंडळींना पुढे सरकत्या खणांचा मोह होतो. लहान हॅचबॅकमध्ये बॉल बेअरिंगच्या रुळांवर धावणारे खण म्हणजे हौस आहे. त्यांच्या वजनात एक पोतं मावलं असतं.

हिशेबाचा भाग या पुस्तकात जितका आहे त्याहून जास्त हवा होता, म्हणून त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते इथेच सांगतो. फळी लवते म्हणून जाड फळी घ्यावी ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया. ती चूक नाही. जाडीच्या घनाने ताठपणा वाढतो, म्हणजे 12 ऐवजी 18 मिलिमीटरचा प्लाय घेतला तर तो तिपटीहून अधिक ताठ. पण वजनही दीडपट. एक मीटर बाय सत्तर सेंटिमीटरच्या तळाला 12 मिलिमीटरचा प्लाय साधारण साडेपाच किलो, 18 चा आठ किलोच्या पुढे. आता फळी तीच ठेवून मध्ये एक टेकू द्या. आधारांमधलं अंतर निम्मं झालं, आणि प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर तेवढंच वजन ठेवलं तर झोल आधीच्या आठव्या हिश्शावर, किंबहुना त्याहूनही खाली येतो. टेकूचं वजन पाव-अर्धा किलो. माझ्या मते घरगुती कामातलं सगळं शहाणपण या एका तुलनेत आहे. तरीही लोक जाड फळीच घेतात, कारण ती दुकानात मिळते, आणि टेकूची जागा डोकं चालवून शोधावी लागते.

लाकूड काळानेही लवतं. आज ठेवलेल्या वजनाखाली जेवढा झोल पडतो तो तेच वजन महिनोन्‌महिने तिथे राहिलं तर वाढत जातो, आणि दमट हवेत अधिक वाढतो. ज्यांच्या डिकीत टूलबॉक्स किंवा पाण्याचा वीस लिटरचा कॅन कायमचा मुक्कामाला असतो त्यांनी पहिल्या दिवशीच्या ताठपणावर भुलू नये.

माल कुठला घ्यायचा यावर चर्चा रंगतात. प्लायवर आयएस 303 किंवा आयएस 710 हा शिक्का असतो. पहिला सर्वसाधारण वापराचा, दुसरा पाण्याला टिकणारा ‘मरीन’. डिकीला 303 मधला उकळत्या पाण्याला तोंड देणारा दर्जा पुरतो, कडा नीट रंगवल्या तर. पाणी शिरतं ते कडांतून, पृष्ठभागातून नव्हे, आणि आपण रंगवतो पृष्ठभाग. एमडीएफ कापायला लोण्यासारखा, पण तो मूळ फळीचाच चुलतभाऊ. एका रोगावर तोच रोग औषध म्हणून द्यावा तसं होईल. चाकण-भोसरीकडे भंगारात मिळणाऱ्या पॅकिंगच्या पाइन फळ्या मात्र चांगल्या. त्यांच्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि इंग्रजी अक्षरं भाजलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेलं लाकूड, ते खुशाल घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते मुलं झोपतात त्या गाडीत नको. सांधे फक्त पांढऱ्या डिंकावर सोडू नयेत. विदर्भातल्या उन्हात बंद उभ्या गाडीत तो मऊ पडतो आणि सांधा हळूहळू सरकतो. डिंक हवाच, सोबतीला स्क्रू हवा.

आकार घेण्याची रीत सुतारांकडून शिकावी. मोटारीच्या डिकीत काटकोन औषधालाही सापडत नाही, त्यामुळे गुण्या घरी ठेवलेला बरा. पुठ्ठ्याचा ढोबळ साचा आत ठेवायचा, कंपासचं एक टोक चाकाच्या कमानीवरून फिरवायचं, दुसऱ्याने पुठ्ठ्यावर रेघ उमटते. भिंत वाकडी असलेल्या जुन्या वाड्यांत कपाटं याच रीतीने बसत. आता पुठ्ठ्याचा फोटो काढून लेझरवर कापून देणारी दुकानंही आहेत. काम सुबक होतं, पण साचा चुकला तर चूकही तितकीच सुबक येते.

एरवी ज्याबद्दल कोणी बोलत नाही आणि लेखकांनी ज्याला भरपूर जागा दिली आहे, तो प्रश्न धडकेचा. ताशी 50 किलोमीटरने चाललेली गाडी थांबली, की आतलं सुटं सामान त्याच वेगाने पुढे जात राहतं. 20 किलोच्या सामानात तेव्हा असलेली ऊर्जा ते जवळपास दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडताना असते तेवढी. संयुक्त राष्ट्रांच्या 17 क्रमांकाच्या वाहन नियमात मागच्या आसनाच्या पाठीची चाचणी आहे. 18-18 किलोचे दोन ठोकळे डिकीत ठेवून सुमारे 50 च्या वेगाने धक्का देतात आणि पाठ ते अडवते का हे पाहतात. म्हणजे दोन ठोकळ्यांचे मिळून 36 किलो. आपण सामान भरतो, त्यात लाकडी खोका घालतो आणि तो नुसता ठेवून देतो. टेकू खाली काय पेलतो एवढं बघून भागत नाही. तो पुढे सरकणार नाही याची सोय हवी. डिकीत कंपनीने दिलेल्या कड्यांना पट्टा बांधणं ही सर्वांत साधी सोय, आणि कडा पुढच्या बाजूला गोलवलेल्या हव्यात.

हे सगळं आत्ताच का निघालं? जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं साहित्य दिलं असेल तर प्रवासी मोटारीत स्टेपनी नसली तरी चालतं. खळगे रिकामे व्हायला वाट मोकळी झाली. दुसरीकडे पेट्रोलच्या दराने घराघरात सीएनजी आणला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ही अडचण फार आधी सोसली होती: सिलिंडर डिकीत, प्रवाशांचं सामान टपावरच्या कॅरिअरवर. 2023 मध्ये टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर तळाखाली बसवून डिकी मोकळी केली, तो कारखान्याने काढलेला तोडगा. ज्यांच्या गाडीत जुनं नळकांडं आहे त्यांना सिलिंडरवरून पूल बांधावा लागतो, आणि तिथे कडक पथ्यं आहेत. वाल्व्हपाशी हात सहज पोचला पाहिजे. सिलिंडर धरणाऱ्या पट्ट्यांना आपला एकही स्क्रू लागता कामा नये. वायू साचेल अशी बंद पेटी करायची नाही. दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी होते, तेव्हा पूल दोन मिनिटांत निघाला पाहिजे.

मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल यांमुळे गाडीत कापाकापी, वेल्डिंग करणाऱ्यांना चाप बसला आहे. लेखकांनी पत्र्याला एकही भोक न पाडण्याचा नियम घालून घेतला, तो कायद्यापेक्षा कारागिरीच्या अंगाने मला पटतो. भोक पाडता येत नाही असं ठरलं की टेकू भूमितीवर उभा करावा लागतो, आणि मग तो चांगलाच होतो. ‘जुगाड’ म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातला बराच भाग खरं तर विचार टाळून मारलेला स्क्रू असतो.

पुस्तकाचे लेखक दोघे आहेत: एक पेशाने सुतार, दुसऱ्या मोटारीच्या बॉडी डिझाइनमध्ये नोकरी केलेल्या इंजिनिअर. दोघांचं पटत नाही, आणि ते न पटणं त्यांनी पुस्तकातून खोडलं नाही, ही मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट. सुतार सांध्यावर विश्वास ठेवतात, बाई रबराच्या वॉशरवर. एखाद्या विशिष्ट मॉडेलचं तयार मापं भरलेलं चित्र इथे शोधू नये, ते नाही. गाडी बदलली की चित्र रद्दी होतं. भार कुठे उतरतो हे हाताने दाबून, ठोकून, आवाज ऐकून कसं शोधायचं, हे इथे आहे. केलेल्या कामांची अवस्था एक पावसाळा सरल्यानंतर पुन्हा तपासली आहे आणि बिघडलेली कामंही छापली आहेत. रात्री घाटात पंक्चर झालं तर सामान न उतरवता स्टेपनी निघते का, ही कसोटी प्रत्येक रचनेला लावली आहे. तिच्यात नापास झालेली एक देखणी रचना त्यांनी दुरुस्त न करता तशीच ठेवली. मी असतो तर काढून टाकली असती, कारण घाईचा वाचक चित्र बघून तीच करेल.

सागावरून मात्र माझं दोघांशीही थोडं भांडण आहे. पाडलेल्या वाड्यांच्या दारांचा साग सुतारांना वरच्या फळीसाठी हवा आहे. इंजिनिअर बाईंना तो वजनामुळे कुठेच नको. फळीबाबत मी बाईंच्या बाजूने. पण पाय चार-सहा इंच उंचीचे, त्यांचं एकूण वजन नगण्य, भार लाकडाच्या रेषांच्या दिशेने येणारा, आणि खाली कायम ओलाव्याची शक्यता. तिथे जुन्या सागाचा तुकडा, टोकाला तेल पाजून आणि खाली रबर लावून, प्लायच्या थरांपेक्षा जास्त वर्षं उभा राहील.